बीएस्सी नर्सिंगचं शेवटचं सेम चालू आहे, नोकरीला अर्ज आत्तापासून टाकू की रजिस्ट्रेशन येऊ देऊ?

कळणा_भाकर
नमस्कार मंडळी. मी धुळ्याजवळच्या एका खेड्यातली, बीएस्सी नर्सिंग आठवं सेम. सध्या इंटर्नशिप चालू आहे, म्हणजे २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास ड्युटी, त्यातले निम्मे उरकलेत. नाईट करून आले की झोप लागत नाही म्हणून हे लिहायला बसले, चुका असतील तर समजून घ्या.
तर झालंय असं की वर्गातल्या तिघी-चौघींनी नाशिक-पुण्याला रेझ्युमे पाठवून दिले, एकीला तर फोन पण आला, तेव्हापासून हॉस्टेलला दुसरा विषयच नाही. पप्पांना सांगितलं तर म्हणतात आधी पास हो, नर्सिंग कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर हातात येऊ दे, नंबर नसताना तुला कोण उभं करेल. आमच्या एक मॅडम पण तेच म्हणतात. दुसऱ्या मॅडम म्हणतात आत्ताच सुरू करा. आणि आजीचं आपलं वेगळंच, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की पाव्हणे यायला लागतील म्हणते 😅
मला खरंच कळत नाहीये की अर्ज कधी टाकायचा असतो. परीक्षेआधी, परीक्षेनंतर, रिझल्टनंतर, की रजिस्ट्रेशननंतर? आणि सरकारी फॉर्मचं काय? जे यातून गेलेत त्यांनी सांगा प्लीज.

भरीत_पार्टी
अजून पेपर व्हायचेत आणि नोकरीच्या चर्चा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी 😂 आधी पेपर दे गं ताई.

नाईट_ऑफ
भरीत_पार्टी दादा, तुम्ही रावेर-यावलकडचे ना? मग सांगा, केळी झाडावर पिवळी व्हायची वाट बघून कोण कापतं? व्यापारी बागेत येतो तेव्हा माल हिरवाच असतो, भाव हिरव्याचाच ठरतो, पिकते ती पुढे जाऊन. नर्सिंगमध्ये पण तसंच आहे.

ताई तुझ्यासाठी नीट लिहिते, मी नाशिकला आयसीयूला आहे, चार वर्षं झाली, मूळ गाव पारोळा तालुक्यात. तुझे पप्पा आणि दोन्ही मॅडम, तिघंही बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या नोकऱ्यांबद्दल बोलतायत. सरकारी फॉर्मला रजिस्ट्रेशन लागतंच, तिथे वाद नाही. पण प्रायव्हेट मोठ्या हॉस्पिटलात फ्रेशर घेताना ते बघतात की ही पोरगी परीक्षा देऊन कधी मोकळी होणार आणि कधी जॉइन होऊ शकते. रिझल्ट लागायचा असला तरी इंटरव्ह्यू घेतात, पास झालीस की ट्रेनी म्हणून घेतात, नंबर येईपर्यंत सिनियर सिस्टरच्या हाताखाली ठेवतात. एकटीकडे पेशंट देत नाहीत आणि द्यायलाही नको, कोणी देत असेल तर तिथून पळ. एनएबीएचवाल्या (म्हणजे दर्जाचं मानांकन असलेल्या) हॉस्पिटलात तर एचआर आधी कागद तपासतं, मगच वॉर्ड.

मी माझे रेझ्युमे परीक्षेच्या साधारण अडीच महिने आधी पाठवले होते. सात ठिकाणी पाठवले, दोन ठिकाणाहून फोन आला, त्यातला एक परीक्षेच्या आधी आणि एक थेट रिझल्टच्या दिवशी. परीक्षेआधीच्या फोनला मी स्पष्ट सांगितलं की मॅडम माझे पेपर अमुक तारखेला संपतायत, त्यानंतर कधीही बोलवा. त्यांनी काही मनाला लावून घेतलं नाही, उलट तारीख लिहून घेतली. घाबरायचं एवढंच की कोणी म्हणालं उद्यापासूनच या, परीक्षेचं नंतर बघू, तर त्या भानगडीत पडायचं नाही. आमच्या बॅचची एक गेली होती अशी, दिवसा ड्युटी रात्री अभ्यास, एक विषय राहिला आणि पुढचं सगळं सहा महिने मागे गेलं.

अजून एक, आज झोपून उठलीस की पहिलं काम कर. दहावीची मार्कशीट, बारावीची, आधार कार्ड आणि कॉलेजचं कुठलंही मार्कशीट, चारही पलंगावर शेजारी-शेजारी मांड आणि नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर लावून बघ. हसू नको. माझ्या आधारवर नावात एक ‘एच’ जास्त होता, मी कधी बघितलंच नव्हतं, कौन्सिलच्या ऑनलाइन अर्जात मी आधार बघून नाव भरलं आणि मार्कशीट वेगळी जोडली. अर्ज परत आला, पूर्ण माझीच चूक. ते निस्तरण्यात जे पाच आठवडे गेले त्यात एक सरकारी जाहिरात येऊन गेली. शेवटची तारीख गेली मंगळवारी, नंबर आला शुक्रवारी. त्या शुक्रवारी मी डबा न खाता तसाच परत आणला होता, आईने विचारलं काय झालं तर सांगता पण येईना.

पहूर_फाटा
हे शेवटच्या तारखेचं नीट समजून घ्या सगळ्यांनी. जाहिरातीत लिहिलेलं असतं की अर्जाच्या शेवटच्या दिवशी पात्रता पूर्ण पाहिजे. म्हणजे त्या दिवशी तुमच्याकडे रजिस्ट्रेशन पाहिजे, कागद पडताळणीच्या दिवशी आणून चालत नाही. माझ्या भावाची बायको लिस्टमध्ये नाव येऊन पडताळणीला बाहेर पडलीय. रिझल्ट लागला की दुसऱ्या दिवशी कौन्सिलचा अर्ज, तिसऱ्या दिवशी पण नाही.

कळणा_भाकर
व माय, एवढं असतं हे मला माहीतच नव्हतं. नाईट_ऑफ ताई खूप थँक्यू. मग सात ठिकाणी पाठवले म्हणजे कसे पाठवले, मेल केला की जाऊन दिले?

नाईट_ऑफ
मेल केले चार, जाऊन दिले तीन. फोन आले ते दोन्ही जाऊन दिलेल्यांचे. मेल वाचतात की नाही देव जाणे. एसटीने जायचं, धुळे-मालेगाव-चांदवड करत नाशिक, सकाळी लवकर निघालं तर अकरापर्यंत पोचतेस, एका दिवसात तीन हॉस्पिटलं होतात. मेट्रन ऑफिसला द्यायचा, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख असतात त्यांच्याकडे, रिसेप्शनला नाही. रिसेप्शनला दिलेला रेझ्युमे कुठे जातो हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

ब्रदर_नवापूर
जय खान्देश. माझा अनुभव लिहितो, जरा मोठा आहे, पण जीएनएमवाल्यांनी तर नक्की वाचा.

मी जीएनएम केलं, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा. पास झालो तेव्हा मला पण कोणी सांगणारं नव्हतं, घरात मीच पहिला या लाईनला. गावापासून जवळ म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एक हॉस्पिटल धरलं, डॉक्टर चांगले, पगार वेळेवर, घरून डबा. दोन वर्षं चार महिने केलं तिथे. मनात हिशोब असा की एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेला, जीएनएमवाल्याला दोन वर्षांचा अनुभव लागतो, तो झाला की फॉर्म भरायचा. फॉर्म भरायला बसलो आणि मग जाहिरात पहिल्यांदा पूर्ण वाचली. अनुभव दोन वर्षांचा बरोबर, पण किमान ५० बेडच्या हॉस्पिटलातला. आमचं हॉस्पिटल होतं २२ बेडचं. दोन वर्षं चार महिने काम करूनसुद्धा माझा त्या फॉर्मपुरता अनुभव शून्य.

डॉक्टर साहेबांना विचारलं, ते म्हणाले अरे मी ५० लिहून देतो. मी नाही घेतलं. घेतलं असतं तर कदाचित चाललं पण असतं, कदाचित नोकरी लागून मग गेली असती, कोण जाणे. सुरतला गेलो, मोठं हॉस्पिटल धरलं, परत पहिल्यापासून दोन वर्षं मोजली.

म्हणून माझं म्हणणं असं की अर्ज कधी टाकायचा हा प्रश्न बरोबर आहे पण कुठे टाकायचा हा त्याच्या आधी येतो. बीएस्सीवाल्यांना नॉरसेटला अनुभवाची अट नाही, रजिस्ट्रेशन झालं की लगेच फॉर्म भरता येतो, कळणा_भाकर ताई तुमचं बरं आहे. जीएनएमवाल्यांनी पहिल्या दिवसापासून ५० बेडच्या वरचं हॉस्पिटल बघा आणि अनुभव पास झाल्यानंतरचाच धरतात, इंटर्नशिप त्यात नाही.

आणि भावांसाठी सांगतो, नॉरसेटला एम्सच्या ८० टक्के जागा बायकांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत. त्यामुळे आपलं कटऑफ वर जातं. वयाची अट ३० आहे, राखीव प्रवर्गाला सूट आहे. म्हणून पोरांनी एक वर्ष पण वाया घालवू नये.

भरीत_पार्टी
ब्रदर_नवापूर, नवापूर म्हणजे ते स्टेशन ना, अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये?

ब्रदर_नवापूर
हो तेच. तिकीट एका राज्यात काढा गाडीची वाट दुसऱ्या राज्यात बघा 😄 त्यावरून आठवलं, सुरतला जायचं असेल तर आपलं महाराष्ट्राचं रजिस्ट्रेशन तिथल्या कौन्सिलला नोंदवून घ्यावं लागतं. आपल्याकडून एनओसी, तिकडे अर्ज. खान्देशातली किती तरी पोरं भुसावळ-सुरत लाईनने तिकडे जातात, उधना-लिंबायतला उतरलं की अहिराणीच ऐकू येते, त्यामुळे परगावी आलो असं वाटत नाही आणि तिथेच हा कागद विसरायला होतो. आधी करून घ्या.

जुनी_परिसेविका
मी निवृत्त परिसेविका, म्हणजे वॉर्डची इनचार्ज सिस्टर. सरकारी नोकरी ३१ वर्षं केली, त्यानंतर चार वर्षं एका खासगी हॉस्पिटलात मेट्रनचं काम बघितलं. मोबाईलवर मराठी टायपिंग सून शिकवते आहे, त्यामुळे हळूहळू लिहिते.

मुलींनो, तुम्ही अर्ज कधी टाकावा हे तुमच्या परीक्षेवरून ठरवता, पण आमच्याकडे जागा कधी रिकाम्या होतात हे कुणी विचारत नाही. खासगी हॉस्पिटलात जागा रिकामी होते ती सरकारी यादी लागल्यावर. एम्सची यादी लागली, राज्याच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरतीच्या ऑर्डरी निघाल्या, की एका आठवड्यात माझ्या पाच-सहा चांगल्या अनुभवी मुली राजीनामा घेऊन दारात उभ्या. त्यांना अडवणार कसं, त्यांचं कल्याण होत असतं. मग मी कपाट उघडायची आणि जाऊन-येऊन दिलेल्या रेझ्युमेंचा गठ्ठा काढायची. वरून पहिले वीस फोन. त्या वेळेला जिचा कागद कपाटात आहे तिला फोन. म्हणून भरतीच्या बातम्या तुम्ही फॉर्म भरण्यासाठी तर वाचाच, पण दुसऱ्यांची यादी लागली की त्याच आठवड्यात मोठ्या हॉस्पिटलांच्या मेट्रन ऑफिसला एक चक्कर टाका. दिवाळीनंतर लग्नसराईत पण मुली सोडून जातात, तेव्हाही.

आता इंटरव्ह्यूचं. मी मार्क फार बघत नसे. टेबलावर एक रिकामा ट्रे ठेवायची आणि शेजारी सामानाचं कपाट उघडं. म्हणायची, बाळा, सलाईन लावायचंय, ट्रे मांड. बस. त्यात सगळं कळतं. कोणी टुर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, विसरते, कोणी चिकटपट्टी आधी कापून ठेवत नाही आणि मग सुई आत गेल्यावर एका हाताने पट्टी शोधते. मी विचारायची म्हातारी बाई आहे, शिरा बारीक, कुठला कॅन्युला (शिरेत घालायची नळी) घेशील? हिरवा जाड असतो, निळा बारीक. हिरवा उचलला की मी गप्प बसायची, बघायची स्वतःहून बदलते का. जी थांबून हिरवा ठेवून निळा उचलायची तिला मी घ्यायची. चूक सगळ्यांची होते, ती हातातून पेशंटपर्यंत जायच्या आधी दिसली पाहिजे. मग विचारायची वापरलेली सुई कुठे टाकणार. लाल पिशवी म्हटलं की तिथेच समजावून सांगायची की सुई आरपार न जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात, लाल पिशवीत नळ्या. त्यासाठी कुणाला नाकारलं नाही.

आणि एक प्रश्न सगळ्यांना. तुला काय येत नाही? ‘सगळं येतं मॅडम’ म्हणणारीला मी कधीच आयसीयू दिलं नाही. एका मुलीने सांगितलं होतं, पोटॅशियमचं इंजेक्शन हातात आलं की मला भीती वाटते, दोनदा विचारल्याशिवाय मी ते लावत नाही. तिला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं. ते औषध सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं, त्याची भीती वाटलीच पाहिजे.

कळणा_भाकर
मॅडम तुमचं वाचून हात थंड पडले माझे, मी पट्टी नेहमी नंतरच कापते 🙈

जुनी_परिसेविका
उद्यापासून आधी काप. संपलं.

पोरीचा_बाप_चोपडा
नमस्कार. मी शेतकरी, मुलगी जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला. मी पण कळणा_भाकरच्या पप्पांसारखाच विचार करत होतो, म्हणून लिहितो. बाप असं का म्हणतो ते पण ऐका. मुलगी नाशिक-पुण्याला जाणार, राहायचं कुठे, रात्री ड्युटी सुटल्यावर येणार कशी, पगार १२-१४ हजार त्यातले पाच-सहा हजार तर खोलीला गेले. म्हणून वाटतं की आधी सगळे कागद हातात येऊ दे, मग एकदाच चांगली नोकरी बघू. शिक्षणाला कर्ज काढलंय, त्याचा हप्ता पण सुरू होईल.
आता ५० बेडचं वाचलं आणि डोकं फिरलं. आमच्या गावाजवळच्या दवाखान्यात तिला लावायचं जवळजवळ ठरलं होतं.

नाईट_ऑफ
काका, हॉस्पिटलचं हॉस्टेल आहे का हे पहिलंच विचारायचं. बऱ्याच मोठ्या ठिकाणी असतं, कापून घेतात पगारातून पण बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडतं आणि नाईटला गाडी असते. मी पहिली दोन वर्षं तिथेच काढली. घरून येताना उडदाची डाळ, लसणाची चटणी आणि कळण्याचं पीठ न्यायचे, सहा जणींचा स्टोव्ह एक. पगार कमी आहे हे खरं आहे, त्याला खोटं बोलून उपयोग नाही.

पहूर_फाटा
पगाराचं निघालंच आहे तर, सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून २०१६ साली केंद्राने समिती नेमली होती, तिने काय सांगितलं माहितीये का? ५० बेडपर्यंतच्या खासगी हॉस्पिटलात पण नर्सला किमान २० हजार पाहिजेत आणि २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सएवढाच पगार पाहिजे. २०१६ सालचे २० हजार! आज आपण १२ हजाराला हो म्हणतोय. राज्यांनी अंमलबजावणी करायची होती, ती कशी झाली ते तुमच्या-आमच्या पगाराच्या स्लिपवर दिसतंच.
तिकडे सरकारी अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० आणि एम्सचं ४४,९०० पासून सुरू. वर भत्ते वेगळे. म्हणून लोक जीव टाकतात त्या फॉर्मवर.

टॉपर_नाही_पण
मी थोडं वेगळं बोलतो. फ्रेशरने नोकरीच्या मागे लागूच नये असं माझं मत आहे. सहा-आठ महिने घरी बसून किंवा क्लास लावून नॉरसेट, रेल्वे, ईएसआयसी (कामगार विमा), राज्याची भरती यांचाच अभ्यास करा. कॉलेज संपल्या-संपल्या डोक्यात सगळं ताजं असतं. एकदा १२ तासांच्या ड्युट्या लागल्या की पुस्तक उघडत नाही, मी स्वतः बघितलंय, रूमवर आलो की बूट पण न काढता झोपायचो. नोकरी सोडली, जळगावला रूम घेतली, सात महिने फक्त अभ्यास, आणि लागलो. नोकरीत राहिलो असतो तर आजपण बूट घालूनच झोपलो असतो.

ब्रदर_नवापूर
भाऊ तुम्ही लागले म्हणून बरं वाटतंय. जे नाही लागत ते दोन वर्षं घरी बसतात आणि मग खासगीत गेले की पहिला प्रश्न, दोन वर्षं काय केलं? हाताची सवय जाते ते वेगळंच. अन् घरात बसलेल्या पोराला गावात काय-काय ऐकावं लागतं ते तुम्हाला माहीत असेलच, ‘काय रे भो, घर बठीसन काय करी ऱ्हायना?’ पोरींचं तर लग्नच लावून टाकतात.

टॉपर_नाही_पण
ते पण खरं आहे. पण मग दोन्ही जमतं का, प्रामाणिकपणे सांगा.

नाईट_ऑफ
मला नाही जमलं, खरं सांगते. नॉरसेटची प्रिलिम दोनदा दिली, १०० प्रश्न ९० मिनिटं, चुकलं की एक तृतीयांश मार्क कापतात. पहिल्यांदा नाईट करून गेले होते आणि डुलक्या लागत होत्या. पण प्रश्न असे येतात की पेशंट समोर असा-असा आहे, आधी काय करशील? ते आयसीयूमुळे मला सुटायचे. आमच्यातली एक जण लागली ती ओपीडीत बदली मागून घेऊन लागली, सकाळची ड्युटी, पगार जरा कमी, पण संध्याकाळ मोकळी. म्हणजे मधला रस्ता आहे, कोणी सांगत नाही एवढंच. मला विचारशील तर पहिलं वर्ष नोकरी आणि फॉर्म सगळे भरत राहायचे, वर्षभराने ठरवायचं सोडून अभ्यास करायचा की नाही. तोपर्यंत हातात थोडे पैसे पण असतात, क्लासची फी बापाकडे मागावी लागत नाही.

सेतूवाला_अमळनेर
मी नर्सिंगचा नाही, ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे माझं. रोज बघतो म्हणून सांगतो. केंद्राच्या भरतीला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा नॉन क्रिमीलेअर चालत नाही. आणि राज्यात जे व्हीजेएनटी आहेत त्यांना केंद्रात तो कोटा नाही, बहुतेकांना केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून बघावं लागतं, तुमची जात त्या यादीत आहे का ते आधी तपासा. शेवटच्या दोन दिवसांत येतात पोरी रडत, मी तरी काय करणार, तहसीलला दाखला दोन दिवसांत निघत नाही आणि त्याच दिवशी साईट पण लटकते. नंदुरबारकडच्या आदिवासी मुलामुलींनी जात वैधता शिकत असतानाच लावा, ती सगळ्यात जास्त वेळ खाते. फोटो आणि सही पण घरी स्कॅन करून ठेवा, माझ्याकडे येऊन पाटीवर लिहिल्यासारखी सही करू नका.

धडगाव_डोंगर
खरंय. माझी वैधता मी दुसऱ्या वर्षाला असताना लावली होती, सरांनी मागे लागून लावून घेतली म्हणून. आता उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, कंत्राटी, महिना २५ हजार आणि कामावर १५ हजारांपर्यंत वेगळे, ते पूर्ण कधी मिळतात कधी नाही. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की दोन दिवस खालीच अडकते. पण माझ्या पाड्यातल्या बाया माझ्याशी भिलोरीत बोलतात, ते नाशिकला मिळालं नसतं. ज्यांना घराजवळ राहायचंय त्यांनी याचापण विचार करा, फक्त एम्स-एम्स करू नका.

कळणा_भाकर
ताई मला तुमचं वाचून खूप छान वाटलं. एक विचारायचं राहिलं, ज्या मैत्रिणीला फोन आला तिला त्यांनी दोन वर्षांचा बाँड सांगितलाय आणि मूळ मार्कशीट जमा करायला सांगितलंय. ती म्हणते सगळीकडेच असं असतं. खरं आहे का?

जुनी_परिसेविका
मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही. दाखवायचा, झेरॉक्स द्यायची, मूळ परत पर्समध्ये. हॉस्पिटल कितीही मोठं असो.

ब्रदर_नवापूर
माझ्या मित्राचे मूळ कागद असेच एका ठिकाणी अडकले होते. सरकारी पडताळणीची तारीख आली, हे म्हणतात बाँडचे पैसे भर मग देतो. ४० हजार उसने घेऊन भरले आणि कागद सोडवले, सावकाराकडून दागिना सोडवतात तसे. मैत्रिणीला सांगा बाँड किती महिन्यांचा, सोडला तर किती रुपये, आणि सरकारी नोकरी लागली तर सूट आहे का, हे तिन्ही कागदावर लिहून घ्यायचं. काही ठिकाणी ती सूट देतात, विचारलं तरच.

भरीत_पार्टी
मी पहिल्या प्रतिक्रियेतली तुरीची म्हण मागे घेतो. माझी पुतणी पहिल्या वर्षाला आहे, तिला हा धागा पाठवलाय. कोणी परदेशाचं पण सांगा ना.

पहूर_फाटा
परदेश वेगळ्या धाग्यात घ्या, इथे गाडी रुळावरून उतरेल. एवढंच की २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्स पण आहेत, पण भाषा शिकल्याशिवाय कोणी विमानात बसवत नाही. आखाती देशांत बहुतेक ठिकाणी दोन वर्षांचा अनुभव मागतात. दोन्हीला सुरुवात इथल्याच वॉर्डातून होते.

पोरीचा_बाप_चोपडा
मंडळी, आमचं ठरलं. गावाजवळचा दवाखाना नाही. पोरीला घेऊन येत्या सोमवारी जळगावला दोन ठिकाणी आणि मग नाशिकला जाऊन रेझ्युमे देणार. मी सोबत जाईन पण ऑफिसच्या बाहेर बसेन असं तिने बजावलंय.

नाईट_ऑफ
बरोबर बजावलंय काका 😄 बाहेर चहा घ्या.

कळणा_भाकर
अपडेट देते. काल ऑफ होता तर मी आणि मैत्रीण पहाटेच्या एसटीने नाशिकला जाऊन आलो. तीन ठिकाणी मेट्रन ऑफिसला दिले. दोन ठिकाणी फक्त ठेवून घेतले. तिसऱ्या ठिकाणी मॅडमनी बसवलं आणि विचारलं पेपर कधी संपतात, मी तारीख सांगितली, त्यांनी रेझ्युमेच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिली. मग म्हणाल्या कॅन्युला किती लावलेस आत्तापर्यंत? मी म्हटलं मोजले नाहीत मॅडम, पण लहान बाळाला अजून एकदाही पहिल्या वेळेत लागलेला नाही. त्या हसल्या. काय समजायचं मला कळलं नाही, पण पेपरनंतर एक फोन कर म्हणाल्या आणि स्वतःचा ऑफिसचा नंबर दिला.
मैत्रिणीने मूळ मार्कशीट दिली नाही. आता त्यांचा फोन येत नाहीये, ती जरा नाराज आहे, पण तिनेपण काल तीन ठिकाणी दिले.
पप्पांना हा सगळा धागा वाचून दाखवला. केळीचं उदाहरण त्यांना पटलं, बाकी विचार करतो म्हणाले.
आणि नाईट_ऑफ ताई, पलंगावर कागद मांडले. माझं नाव सगळीकडे बरोबर आहे. आईचं नाव दहावीच्या मार्कशीटवर सुनंदा आहे आणि बारावीच्या मार्कशीटवर नंदा. चार वर्षं कोणाच्याच लक्षात आलं नाही, आईच्या पण नाही. तिला विचारलं तर म्हणे मला माहेरी नंदाच म्हणतात, कॉलेजच्या फॉर्मवर मामाने भरलं असेल. हे कुठे दुरुस्त करतात, बोर्डात की कॉलेजमधून?

सेतूवाला_अमळनेर
ज्या कॉलेजातून बारावी केली तिथूनच प्रस्ताव जातो बोर्डाला. दहावीचं मार्कशीट आणि आईचा आधार घेऊन उद्याच जा, परीक्षेची वाट बघू नको. मामाला पण सोबत ने.